पालवी फुटली की पानाची मागची बाजू बघा

होळी उलटली की कोल्हापुरात परड्यातलं रूप आठवड्याभरात पालटतं. आंब्याच्या मोहोरात वाटाण्याएवढ्या कैऱ्या दिसू लागतात, लिंबाला आणि कढीपत्त्याला कोवळी फूट येते, मोगऱ्यावर पहिल्या कळ्या धरतात. किडीही नेमक्या याच फुटीवर येतात. कोवळ्या पानाची साल पातळ असते आणि आत रस भरपूर असतो, त्यामुळे मावा, तुडतुडे, फुलकिडे, पिठ्या ढेकूण यांची सोंड सहज आत शिरते. या दिवसांत मूठभर युरिया टाकला तर फूट आणखी लुसलुशीत होते आणि मावा दुप्पट वाढतो. त्याऐवजी बारा इंची कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत पुरे.

आठवड्यातून दोनदा सकाळी शेंड्याची पानं उलटून बघा. पानं चिकट लागत असतील किंवा खोडावरून मुंग्यांची रांग वर जात असेल, तर वर बहुधा मावा किंवा पिठ्या असतो. मुंग्या त्यांचा गोड स्राव खातात आणि बदल्यात त्यांना कीड खाणाऱ्या मित्रकीटकांपासून राखतात. म्हणून आधी मुंग्या अडवा. खोडाला चार बोटं रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीवर लावू नका, साल खराब होते. फांदी भिंतीला टेकत असेल तर तीही छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून जातात.

मग नुसतं पाणी. पाईपच्या तोंडावर अंगठा धरून पानाच्या मागच्या बाजूला जोराची धार मारा, तीन दिवस लागोपाठ. मावा एकदा खाली पडला की बहुतेक परत चढत नाही. धार मारण्याआधी मात्र मित्रकीटक आहेत का ते पाहा. काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली, सुसरीसारखी दिसणारी छोटी अळी ही ढालकिड्याची (लेडीबर्डची) असते. तिचं अन्न म्हणजे मावाच, आणि कीड समजून सर्वांत जास्त मारली जाते तीच. फुगून तपकिरी झालेला मावा दिसला तर तेही पान तोडू नका. त्याच्या आत परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं.

जास्वंदीच्या शेंड्यात पांढरा कापूस दिसला आणि पानं आकसली, तर तो पिठ्या ढेकूण. मेणचट आवरणावरून पाणी आणि औषध दोन्ही घरंगळतात, म्हणून शेंडा तीन-चार इंच छाटून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा. खताच्या खड्ड्यात टाकलात तर कीड परत येईल.

एवढ्यानं भागलं नाही तरच कडुनिंब तेल. एक लिटर पाण्याला पाच मिली तेल आणि दोन मिली सौम्य द्रव साबण. आधी साबण थोड्या कोमट पाण्यात मिसळा, त्यात तेल घालून दुधाळ होईपर्यंत ढवळा, मग उरलेलं पाणी. तेल नुसतंच पाण्यात टाकलं तर वर तरंगतं, पहिल्या फवाऱ्याला नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या फवाऱ्यात तेलानं पानं करपतात. दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. फवारणी संध्याकाळीच करा. एप्रिलच्या उन्हात तेलानं पान भाजतं, कडुनिंबातलं द्रव्यही उन्हात लवकर निकामी होतं, आणि संध्याकाळी मधमाश्या फुलांवर नसतात. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. आठवड्यानं एकदा पुन्हा मारा. मधे वळीव झाला तर लवकर.

आंब्याचा मोहोर फुललेला असताना काहीच फवारू नका, परागीभवन माश्या आणि मधमाश्याच करतात. वाटाण्याएवढ्या कैऱ्या गळतात त्यातल्या बऱ्याच झाड स्वतःच टाकतं, त्यामुळे घाबरून औषध मारायचं कारण नाही. मोठ्या झाडाला या अवस्थेपासून दर पंधरा दिवसांनी दीडशे ते दोनशे लिटर पाणी, खोडाजवळ न देता फांद्यांच्या घेराखाली द्या. वर उसाचं पाचट दोन-तीन इंच पसरा. आपल्याकडे हे आच्छादन मुबलक आहे, आणि जमीन गार ठेवायला याहून सोपं काही नाही. फक्त खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी लागते.

गच्चीवरच्या गुलाबाची पानं पिवळट ठिपक्यांनी फिकट झाली तर पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर हलणारे बारीक लाल ठिपके म्हणजे लाल कोळी, घरातला कोळी नव्हे, तर पानाचा रस शोषणारी कीड. कोरडी हवा आणि रस्त्यावरची धूळ त्याला मानवते. तीन-चार दिवस रोज सकाळी पानं खालून धुवा. गंधक वापरायचंच तर लिटरला दोन ग्रॅम, पण पारा पस्तिशीजवळ जाऊ लागला की नको, आणि काकडी-दोडक्याच्या वेलांवर कधीच नको, पानं जळतात.

मोगऱ्याच्या जांभळट, भोक पडलेल्या कळ्या रोज वेचून नष्ट करा, आत अळी असते. लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवी होते आणि छोटं रोप दोन दिवसांत बोडकं करते, तिथे हातानं वेचा. मोठ्या झाडावर दोन-चार राहू द्या, काळं-पिवळं फुलपाखरू त्यांच्यातूनच येतं.