जर्मनीत तत्त्वज्ञान शिकवायचंय? मग वाट आधी समजून घ्या

सोलापुरात तत्त्वज्ञान शिकवताना मुलं हमखास विचारतात, "सर, पीएचडी झाली की जर्मनीत प्राध्यापक होता येतं का?" तेवढ्यावर नाही, बाळांनो. तिथली जुनी रीत म्हणजे हॅबिलिटेशन: दुसरं मोठं संशोधन, विद्वानांपुढे व्याख्यान, मग स्वतंत्रपणे शिकवण्याचा हक्क. त्यानं माणूस 'प्रिवाटडोत्सेंट' होतो, पण पगाराची नोकरी मिळेलच असं नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट १७५५ मध्ये असाच शिकवू लागला, मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीवर जगला आणि प्राध्यापक झाला १७७० मध्ये. १५ वर्षं! आता ज्युनिअर प्रोफेसरची, म्हणजे हॅबिलिटेशनशिवायची, वाटही आहे.

म्हणून एमएला असतानाच जर्मन सुरू करा. माझ्या वहीत डावीकडं कांटचं मूळ वाक्य, उजवीकडं माझं मराठी. पोटवाक्यात क्रियापद शेवटी येतं, अगदी आपल्यासारखं. मराठी माणसाला ते पटकन उमगतं. पहाटे वडील चादरीच्या मागावर उभे राहायचे, खडखडाट सुरू व्हायचा, तेवढ्यात माझा एक परिच्छेद व्हायचा. रोज एकच, पण खाडा नाही.

मार्गदर्शकाला लिहिण्याआधी त्यांचे दोन लेख नीट वाचा. पत्रात स्तुती नको, तुमचा प्रश्न हवा.