पलटणीचे पंडितजी गेले, तर पगार, पेन्शन आणि पेटी कशी सोडवायची

पलटणीत ज्यांना सगळे पंडितजी म्हणतात, ते धर्मगुरू जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) असतात. भरती होतानाच नायब सुभेदार. म्हणून हिशोब जेसीओंच्या नियमानेच होतो. आधी शेवटची पे-स्लिप शोधा. तिच्यावर आर्मी नंबर आणि पीएओ (पगाराचा हिशोब ठेवणारे पे अँड अकाउंट्स ऑफिस) असतो. पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची आहे म्हणून कागद बेळगावच्या सेंटरलाच जातील असे धरू नका. रेकॉर्ड ऑफिस कोणते, ते युनिटकडून लेखी घ्या.

मृत्यूचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवानोंदीत बदल करणारा लेखी आदेश, निघाल्याशिवाय पैसा हलत नाही. पत्नी-मुलांची नावे त्यात जशी आहेत तशीच पुढे चालतात, आणि आपल्याकडे, कर्नाटकातल्या मराठी घरांत, गाडी इथेच अडते. पार्ट टूमध्ये माहेरचे नाव, आधारवर कन्नडवरून उतरवलेले इंग्रजी स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. एका अक्षराने अर्ज परत येतो. क्लेम भरण्याआधीच 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र करून रेकॉर्डमधले नाव दुरुस्त करून घ्या. नाड कचेरीतून (गावपातळीवरचे महसूल कार्यालय) मिळणारा हयात वारसांचा दाखला कन्नडमध्ये असतो. त्याचे नोटरी केलेले इंग्रजी भाषांतर जोडा.

मृत्यूची नोंद कशी झाली, यावर सगळे ठरते. बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतला मृत्यू) असेल तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या गणनीय वेतनाइतकी (पेन्शनसाठी धरले जाणारे वेतन) पूर्ण रक्कम. लष्करी सेवेमुळे पण लढाईबाहेर मृत्यू झाला, तर स्पेशल फॅमिली पेन्शन, त्याच वेतनाच्या ६० टक्के. सानुग्रह रक्कम कर्तव्यावरच्या अपघातात २५ लाख, सीमेवरील चकमकीत किंवा अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत ३५ लाख, युद्धात शत्रूच्या कारवाईत ४५ लाख. नोंद चुकीची वाटली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीची (लष्करी चौकशीची) प्रत लगेच मागा. पुढे नोंद बदलून घेणे फार जड जाते.

फॅमिली पेन्शन ही इस्टेट नव्हे, तिची वाटणी मृत्युपत्राने होत नाही. थकीत पगार आणि बँकेतली शिल्लक मात्र इस्टेट आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा. वडील पहिल्या वर्गात नाहीत. बँकेतला नॉमिनी पैसे उचलतो, मालक होत नाही. हे घरात आधीच बोलून घ्या.

पगाराचे खाते बंद करू नका आणि एटीएमने पैसेही काढू नका. मृत्यूनंतरच्या दिवसांचा पगार जमा झाला असेल तर पीएओ तो अंतिम हिशोबात वळता करून घेते. एजीआयचा (आर्मी ग्रुप इन्शुरन्स) विमा आणि बँकेच्या सॅलरी पॅकेजचा, म्हणजे पगाराच्या खात्यासोबत मिळणारा विमा, हे दोन वेगळे क्लेम आहेत. दुसरा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

शेतजमिनीच्या उताऱ्यासाठी तहसीलमध्ये पौती खात्याचा (मृताच्या जागी वारसांची नावे लावण्याचा) अर्ज द्यावा लागतो. लष्कराचा त्याच्याशी संबंध नाही.

राहिली काळी पेटी, म्हणजे त्यांच्या खासगी सामानाची ट्रंक. आर्मी अँड एअर फोर्स (डिस्पोजल ऑफ प्रायव्हेट प्रॉपर्टी) ॲक्ट, १९५० प्रमाणे कमांडिंग ऑफिसर खासगी सामान ताब्यात घेऊन यादी करतात, पलटणीतले देणे फेडतात आणि उरलेले वारसांना देतात. धर्मगुरूंच्या बाबतीत गोंधळ होतो तो पूजेच्या भांड्यांवरून. मंदिराची समई, घंटा पलटणीची. घरून नेलेले ताम्हण, पळी-पंचपात्र, हाताने लिहिलेली पोथी घरची. यादी होण्याआधी या वस्तूंची खूण (नाव कोरलेले, काठ चेपलेला) युनिटला लेखी कळवा. पेटी आली की यादीशी एकेक वस्तू ताडून मगच सही करा.