कुत्र्याला सारखी खाज, केस गळतायत, टक्कल पडतंय? काय करायचं ते बघा

एक इंजेक्शन दिलं की आठवडाभर कुत्रा गप्प, मग परत रात्रभर खाजवणं आणि पट्ट्याचा खुळखुळाट, की परत तेच इंजेक्शन. महिनोन्महिने हेच चालू असेल तर शाम्पू बदलून काही होणार नाही, आधी त्वचेची तपासणी करून घ्या.

पण डॉक्टरकडे जायच्या आधी घरात सगळ्यांनी मिळून एक गोष्ट आठवून ठेवा, खाज आधी सुरू झाली की केस आधी गेले? खाजवून, चावून, चाटून केस गेले असतील तर पिसवा, खरूज, अ‍ॅलर्जी, इन्फेक्शन या बाजूला शोधायचं. खाज अजिबात नाही, कुत्रा नुसता सुस्त, खाणं तेवढंच पण वजन वाढतंय, दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ झालेत, शेपटी उघडी पडलीये, तर थायरॉईड बघायला सांगा. पाणी प्रचंड पितोय, सारखी शू, पोट सुटलंय, धापा टाकतोय, तर कुशिंग्ज. हे दोन्ही हार्मोनचे आजार, रक्ताच्या तपासण्या लागतात आणि बहुतेक मधल्या वयाच्या नि म्हाताऱ्या कुत्र्यांत दिसतात. आणि टक्कल कुठेच नाही, नुसते सोफाभर केस असतील तर ती सीझनची झड आहे, ब्रश करा. पिल्लं झालेल्या कुत्रीचे केसही झडतात आणि परत येतात, घाबरू नका.

आता जागा बघा, जागेवरून बरंच कळतं. कमरेवर नि शेपटीच्या बुडाशी केस गेले असतील तर पहिला संशय पिसवांवर. "आमच्याकडे पिसवा नाहीत, दिसल्याच नाहीत" असं सगळेच म्हणतात. पांढरा टिश्यू ओला करा, केसांतून बारीक कंगवा फिरवून निघालेली काळी कणी त्यावर झटका, कणीभोवती लालसर तपकिरी डाग पसरला तर ते पिसवांच्या विष्ठेतलं रक्त. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते त्याला दोन-चार चावेही पुरतात. आणि अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याच्या साधारण ५ टक्के, बाकी अंडी, अळ्या, कोष सगळे गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत, त्यामुळे नुसता कुत्रा धुऊन उपयोग नाही, अंथरूण गरम पाण्यात धुवा आणि घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकदमच औषध द्या. फक्त कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, मांजर मरू शकतं.

कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचे घोटे, तिथे खपल्या आणि वेड लागल्यासारखी खाज, ही खरूज. कानाची कड बोटांत धरून चोळा, मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर संशय पक्का धरा. ही माणसांनाही होते, घरात कुणाच्या हातावर, पोटावर पुरळ आलं असेल तर तेही डॉक्टरला सांगा. गोल चट्टा, कडेला कोंडा, तर गजकर्ण असू शकतं, तेही माणसांना लागतं, लहान मुलांना जरा लांब ठेवा. पिल्लाच्या डोळ्यांभोवती, तोंडावर, पुढच्या पायांवर केस गेलेत पण खाज फारशी नाही, तर बहुधा डेमोडेक्स. हे किडे आईकडून पहिल्या काही दिवसांत पिल्लाकडे येतात, तुम्हाला लागत नाहीत. एक-दोन छोटे चट्टे बऱ्याचदा आपोआप भरतात, अंगभर पसरलं तर मात्र औषध हवंच.

तपासणी म्हणजे फार मोठं काही नाही. स्किन स्क्रेपिंगमध्ये डॉक्टर चट्ट्यावरची कातडी चिमटीत दाबतात, ब्लेडला तेलाचा थेंब लावून रक्ताचे बारीक टिपके येईपर्यंत खरवडतात आणि ते काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात. डेमोडेक्स असेल तर बहुतेक वेळा सापडतो. खरजेचे किडे मात्र कित्येकदा सापडतच नाहीत, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी लक्षणं बघून उपचार सुरू करतात. चिकटपट्टीने घेतलेल्या नमुन्यात यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आणि बॅक्टेरिया कळतात. खाजगी दवाखान्यात सोय नसेल किंवा खर्च झेपत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, मुंबईत परळचं (१८८६ पासूनचं), शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर. लाइन लागेल, पण जा.

सुरुवातीला म्हटलं तसल्या, खाज पटकन दाबणाऱ्या इंजेक्शनात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. स्टेरॉईडला मी सरसकट शिव्या घालणार नाही, अ‍ॅलर्जीत त्याचा उपयोग आहे. पण स्क्रेपिंगच्या आधी नको. डेमोडेक्सवर स्टेरॉईड दिलं तर प्रतिकारशक्ती दबते आणि किडे आणखी वाढतात, आणि महिनोन्महिने देत राहिलं तर त्यानेच कुशिंग्ज होतो. इंजेक्शन देताना "यात स्टेरॉईड आहे का" असं सरळ विचारा, कागदावर नाव लिहून घ्या.

किड्यांसाठी हल्ली ब्रॅवेक्टो, नेक्सगार्ड अशा चघळायच्या गोळ्या चांगल्या चालतात, वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांना विचारूनच. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगा. आयव्हरमेक्टिन स्वतःच्या मनाने टोचू नका, कॉली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांना जनुकातल्या दोषामुळे ते विषासारखं बाधतं. डेमोडेक्समध्ये केस आले म्हणून लोक औषध बंद करतात नि परत येरे माझ्या मागल्या, महिन्याच्या अंतराने दोन स्क्रेपिंग निगेटिव्ह येईपर्यंत सोडायचं नाही.

अंगाला वास, चिकट कातडी, पंजे चाटून चाटून तपकिरी झालेत, पोटावर पुटकुळ्या, तर यीस्ट किंवा बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर हे ठरलेलंच. डॉक्टर क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू देतील. फेस अंगावर १० मिनिटं राहू द्या, मोबाईलवर टायमर लावा, लगेच धुतला तर पैसे गटारात. नंतर बोटांच्या बेचक्या, काखा पूर्ण कोरड्या करा. पण इन्फेक्शन सारखं सारखं उलटत असेल तर खाली बहुतेक अ‍ॅलर्जी आहे असं समजा. खाण्याची अ‍ॅलर्जी शोधायची तर किमान ८ आठवडे डॉक्टर ठरवतील तेवढंच खाणं, त्याला आधी कधीच न मिळालेलं, त्यात चिकन, दूध, अंडं, चपाती काही नाही. आणि घरातल्या आजींना समजवा, चहाबरोबरचं एक बिस्कीट गुपचूप दिलं की सगळी मेहनत पाण्यात.

जळकं ऑइल, रॉकेल, फिनाईल, टी ट्री ऑइल अजिबात लावू नका, कुत्रा ते चाटतो आणि पोटात जातं. घरातलं माणसांचं खाजेचं मलमही नको, बऱ्याच मलमांत स्टेरॉईड असतंच.

आणि पॉमेरेनियन, हस्कीवाल्यांनो, गरमीत "मोकळं वाटेल" म्हणून झिरो मशीन मारू नका, या जातींचे केस कापल्यावर कधीकधी कित्येक महिने येतच नाहीत आणि मग तुम्ही त्यालाच आजार समजून औषधं शोधत बसता.