माळ्यावर सापडलेलं चित्र खरंच रविवर्मांचं आहे का? असं तपासा

वाड्याचा माळा आवरताना काळवंडलेल्या चौकटीतली लक्ष्मी हाती लागते. कोपऱ्यात रविवर्मांची सही दिसते आणि घरातलं कुणीतरी ओला फडका घेऊन येतं. आधी त्यांना थांबवा. कापलेला बटाटा, साबण, खोबरेल, काहीही लावू नका. मळाबरोबर रंगही निघू शकतो.

मग चित्र मऊ चादरीवर पालथं ठेवा. मागची चिठ्ठी, फ्रेमवाल्याचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले आकडे, सगळ्याचे फोटो काढा. खिळे उपसू नका.

आता दहापट भिंग देवीच्या गालावर धरा, उजेड तिरपा पाडा. रंगीत बारीक ठिपके दिसले तर तो छाप, म्हणजे ओलिओग्राफ. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरून एकेक रंग चढवून छापलेले त्यांचे देव घरोघरी पोचले, म्हणून घरात सापडतात ते बहुतेक छापच. त्यावर वॉर्निशही असे, त्यामुळे नुसत्या चकाकीवर जाऊ नका. खालची छापखान्याच्या नावाची पट्टी फ्रेम करताना कापली गेलेली असू शकते. जरी-टिकल्या लावलेला जुना छापही जपण्याजोगा आहे, तो टाकू नका.

ठिपक्यांऐवजी ब्रशचे फटकारे दिसले, तर घरातली जुनी कागदपत्रं शोधा. माझ्या मते खरी मेहनत इथेच आहे. १९९० मध्ये डब्लिनच्या जेझुइट पाद्र्यांच्या घरातलं एक चित्र संवर्धक सर्जिओ बेनेदेत्ती यांना काराव्हाज्जो या जुन्या इटालियन चित्रकाराचं वाटलं. तोवर ते होन्टहॉर्स्ट या डच चित्रकाराचं मानलं जाई. रोमच्या मातेई घराण्याच्या जमाखर्चात काराव्हाज्जोला त्या चित्राचे पैसे दिल्याची नोंद निघाली आणि १८०२ मध्ये ते होन्टहॉर्स्टच्या नावाने विकलं गेल्याचंही कळलं. आपल्याकडे वाटणीपत्र, जुनी पत्रं आणि मागे भिंतीवर तेच चित्र दिसणारा लग्नाचा फोटो हे काम करतात.

त्यानंतरच चित्र संवर्धकाकडे, म्हणजे जुनी चित्रं तपासून दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. मूळ रंगथरात टायटॅनियमपासून केलेला पांढरा रंग सापडला, तर ते रविवर्मांचं नव्हे: रविवर्मा १९०६ मध्ये गेले, हा रंग १९२० च्या सुमारास बाजारात आला. मात्र तो नंतरच्या डागडुजीतला नाही ना, हे विचारा. चित्र अस्सल ठरलं तर ते विकायला परदेशी नेता येत नाही. १९७९ पासून रविवर्मांच्या कलाकृतींना कायद्याचं संरक्षण आहे.

सही सगळ्यात शेवटी बघा. तिचा रंग जुन्या तड्यांच्या आत उतरलेला दिसला, तर ती तडे गेल्यानंतर कुणीतरी केलेली आहे.