आरडीएचा रिव्ह्यू लिहायचाय? आधी स्क्रू फिरवून बघा

सध्या सुट्टीला सांगलीत आलोय. विश्रामबागला आईच्या घरी गॅलरीत बसून वही उघडलीय, वहीत गेल्या दीड वर्षातल्या पाच आरडीएंच्या (ई-सिगारेटचा वरचा, वाफ करणारा भाग) नोंदी आहेत पण आरडीए एकही जवळ नाही, सगळे तिकडं बर्मिंगहॅमला ड्रॉवरमध्ये. मुद्दामच ठेवून आलोय. आपल्याकडं २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे, बनवणं विकणं आयात करणं जाहिरात करणं सगळंच बंद, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही, आणि नुसता साठा ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत आत. त्यामुळं "दादा बॅगेत एक टाकून आण की" म्हणणाऱ्या मामेभावाला सरळ नाही सांगितलं. तसंही तो साधी सिगारेट ओढत नाही, त्याला हे सुरूच कशाला करायचंय? निकोटीन एकदा लागलं की लागलं. मी सिगारेट सुटावी म्हणून ह्यात आलो आणि सिगारेट सुटली पण हे राहिलंय, एवढं खरं सांगतो.

तर हे जे बाहेर राहतात, जिथं हे कायद्यात बसतं, आणि आधीच ड्रिपिंग करतात त्यांच्यासाठी. बऱ्याच जणांना रिव्ह्यू लिहायचा असतो आणि लिहितात काय तर "फ्लेवर एक नंबर, क्लाउड नाद खुळा, १० पैकी ९". अरे पण त्यावरून मी पैसे घालायचे का नाही हे कसं ठरवू?

नवीन माणसाला एका ओळीत. आरडीए म्हणजे रिबिल्डेबल ड्रिपिंग अॅटोमायझर, ह्याला टाकी नसते. खाली डेक म्हणजे तळ, डेकवर पोस्ट म्हणजे छोटे खांब, पोस्टमध्ये तुम्ही स्वतः वळलेली कॉइल स्क्रूनं आवळायची, कॉइलमधून कापूस ओढायचा, वरून लिक्विडचे थेंब सोडायचे आणि वर टोपी. तीन-चार झुरके झाले की परत थेंब. म्हणजे कंपनीनं तुम्हाला विकलंय ते एक लहानसं मशीनिंग केलेलं काम आहे, बाकी सगळं तुमच्या हातचं. म्हणूनच रिव्ह्यू करताना आधी काम बघायचं, चव नंतर.

हे मला शिकवलं आमच्या दाजींनी. दाजींचा कुपवाड एमआयडीसीत छोटा गाळा आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग, आयुष्यात त्यांनी विडीसुद्धा ओढली नाही. मागच्या वर्षी मी कौतुकानं एका आरडीएचा जवळून काढलेला फोटो त्यांना मोबाईलवर दाखवला तर त्यांनी चष्मा वर करून दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्याची बर काढलेली नाही. आणि हा टॅप तिरका मारलाय बघा, पहिले दोन आटे मरतील." बर म्हणजे मशीनिंगनंतर कडेला राहिलेली धारदार खरखर, आणि टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. मी म्हटलं दाजी सात समुद्रापलीकडचा माल आहे, लई नाव आहे त्याचं. ते म्हणाले, "असंल."

तीन आठवड्यात पोस्टच्या एका स्क्रूचे आटे गेले.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. बॉक्स उघडला की आधी नाकाला लावून वास घ्यायचा, मशीनचं तेल येतंय का. जवळजवळ प्रत्येकाला थोडं येतंच, पण काहींच्या आट्यांत काळपट ओशट गाळ असतो, तो टूथपिकनं काढून पांढऱ्या टिश्यूवर पुसा आणि त्याचा फोटो काढा, रिव्ह्यूत हा फोटो दहा वाक्यांचं काम करतो. मग सगळं सुटं करून, ओ-रिंग बाजूला काढून, गरम पाण्यात भांड्याचा साबण घालून घासा, धुवा, पूर्ण वाळू द्या. धुवायच्या आधी वापरून "पहिल्या दिवशी चव विचित्र होती" असं लिहिणारे महाभाग आहेत. चव तेलाची होती रे भावा.

वाळल्यावर बोट फिरवायचं. पोस्टच्या भोकांच्या कडा, एअरहोलच्या कडा, टोपीची आतली कड. बोटाला खरखर लागली तर बर राहिलीय, आणि ती बर तुमची तार कापते किंवा ओ-रिंग सोलते. घरात व्हर्निअर असेल तर व्यास मोजा, २४ मिमी लिहिलेला माल मॉडवर (खालचा बॅटरीचा भाग) बसवल्यावर बाहेर डोकावतो का हे लोकांना कळायला हवं. टोपी घाला, काढा, दहा वेळा. सैल आहे का, इतकी घट्ट आहे का की ती ओढताना अख्खा आरडीएच मॉडवरून फिरून येतो? दुसरा प्रकार जास्त वैताग देतो, गाडीत बसून थेंब सोडायचे असतील तर दोन हात पुरत नाहीत.

आता स्क्रू. ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. सोबत आलेली अॅलन की आणि स्वतःची चांगली की, दोन्हीनं आवळून सोडवून बघा, निदान वीस वेळा. माझ्याकडच्या एकाची सोबतची की इतक्या मऊ लोखंडाची होती की तिसऱ्यांदा आवळताना कीच्या कडा गोल झाल्या आणि तिनं स्क्रूची खाच पण खाल्ली, मग तो ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) निघेना, रात्री साडेअकराला मी तेवढासा स्क्रू पकडीत धरायची कसरत करतोय आणि बायको दारात उभी राहून बघतीय. रिव्ह्यूत असं लिहा की कितव्या वेळी कडा गेल्या. "स्क्रूची क्वालिटी बरी आहे" ह्यातून काही कळत नाही, "वीस वेळा आवळून कडा शाबूत" ह्यातून कळतं.

बिल्ड. प्रत्येक आरडीएला एकच ठरलेली बिल्ड टाकायची, नाहीतर तुलना कशाची करणार? माझी ठरलेली आहे कँथल ए१ ची (तापवायच्या तारेची मिश्रधातू) २६ गेजची तार, म्हणजे ०.४ मिमी जाडी, ३ मिमीच्या रॉडवर सहा वेढे. एक कॉइल साधारण ०.८ ओहम येते आणि दोन लावल्या की समांतर म्हणून निम्मी, ०.४ च्या आसपास. चार्ज भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट धरले तर साडेदहा अँपियर आणि ४४ वॉट, म्हणजे चांगल्या १८६५० सेलला (मॉडमध्ये घालायची गोल लिथियम बॅटरी) आरामात झेपणारं. हे साधं भागाकाराचं गणित आहे, ते करूनच बटण दाबायचं. कारण तोच हिशोब ०.१ ओहमला केला तर ४२ अँपियर होतात, आणि एकट्या १८६५० कडून तेवढं मागणं म्हणजे हातात फटाका धरणं. सेलचं प्लास्टिक फाटलेलं असेल तर तो सेल वापरायचा नाही, खिशात किल्ल्यांसोबत सुटा सेल टाकायचा नाही, हे रिव्ह्यूत दरवेळी लिहिलं तरी चालतंय.

दुसरी बिल्ड जाड तारेची, क्लॅप्टन (तारेवर बारीक तार गुंडाळलेली) वगैरे, ती फक्त भोकात शिरते का आणि स्क्रूखाली सरकते का बघायला. साधी तार कुठंही बसते, डेकची खरी परीक्षा जाड तारेला. कॉइलच्या पायाची, म्हणजे तारेच्या टोकाची लांबी किती मिमी कापावी लागली तेही लिहा, काही डेकवर पाय आधीच मापात कापून वरून सोडायचे असतात, एक मिमी कमी पडला की कॉइल फेकून परत वळा.

मॉडवर चढवलं की कापूस घालायच्या आधी कमी वॉटवर हलके हलके पल्स द्यायचे, म्हणजे बटण क्षणभर दाबून सोडायचं. कॉइल मधून लाल होत बाहेर पसरली पाहिजे. एखादाच वेढा आधी पेटत असेल तर सिरॅमिक चिमट्यानं हलकं खरवडायचं, थंड होऊ द्यायचं, परत. दोन कॉइल एकदम पेटत नसतील तर आधी स्क्रू तपासा, सैल असतो बहुतेक. आणि टायटॅनियम किंवा निकेलची तार अशी लाल करायची नाही, हे कँथल, नायक्रोम आणि स्टीलपुरतंच.

एक गोष्ट आरडीएच्या बुडाला बघायचीय आणि ती लोक विसरतात. खालची ५१० पिन, म्हणजे आरडीए मॉडला जोडणाऱ्या आट्यांच्या मधली पिन. ती आट्यांच्या बाहेर स्पष्ट आली आहे का? ज्या मेकॅनिकल (बिनसर्किटच्या) मॉडमध्ये सेल थेट आरडीएला टेकतो, त्यात पिन आत दबलेली असेल तर सेलचं वरचं टोक एकाच वेळी पिनला आणि बाहेरच्या आट्यांना टेकतं, म्हणजे सरळ शॉर्ट, मध्ये कुठलाही फ्यूज नाही. पिनचा बाजूनं फोटो टाकाच. आणि बॉक्समध्ये स्क्वाँक पिन दिली असेल, म्हणजे खालून बाटली दाबून लिक्विड चढवायची पोकळ पिन, तर ती बदलून तिचाही फोटो, कारण साधी पिन बाहेर येते आणि स्क्वाँकची आत दबते असं एका मालात मी बघितलंय.

कापसाबद्दल पानं भरता येतील पण थोडक्यात: कॉइलमधून ओढताना थोडं अडलं पाहिजे पण कॉइल वाकली नाही पाहिजे, कापसाच्या शेपट्या वेलच्या (डेकमधला लिक्विड साठायचा खड्डा) तळाला टेकल्या पाहिजेत पण खालून हवा येत असेल तर ती भोकं झाकली नाही पाहिजेत. फार कोंबला तर कोरडा झुरका येतो, आणि तो एकदा घशात गेला की अर्धा दिवस जळक्या कागदाची चव. सैल राहिला की तडतडून गरम थेंब जिभेवर. हे तुमच्या हातचं आहे, आरडीएचा दोष म्हणून लिहू नका, दोनदा नव्यानं कापूस भरून बघा आणि मगच बोला.

वेल किती खोल आहे ते "भरपूर ज्यूस मावतो" असं न लिहिता मोजा. थेंब मोजू नका, घट्ट लिक्विडचा थेंब वेगळा आणि पातळाचा वेगळा. मी सोनाराकडं असतो तसला छोटा डिजिटल काटा घेतलाय. कापूस भरलेला आरडीए ठेवायचा, शून्य करायचा, गळायला लागेपर्यंत लिक्विड सोडायचं. ७०-३० च्या (ग्लिसरीन ७०, प्रॉपिलीन ग्लायकॉल ३०) लिक्विडचं वजन एका मिलीला साधारण १.२ ग्रॅम भरतं, तेवढ्यानं भागलं की मिली आले. मग त्याच्या तीन चतुर्थांश भरून आडवा ठेवा दहा मिनिटं, खाली टिश्यू. बाजूला हवेची भोकं असलेले बरेचसे इथं मार खातात. मी हा प्रयोग एकदा घरी न करता नवा आरडीए खिशात टाकून बसनं कामावर गेलो, आणि दिवसभर जीन्सवर मांडीपाशी हा एवढा स्ट्रॉबेरीचा डाग आणि वास, मिटिंगमध्ये एकजण विचारतोय कुणी केक आणलाय का.

हवा. भोकं पूर्ण उघडी, अर्धी, पाव, तिन्हीवर त्याच वॉटला ओढा. शिट्टी वाजते का? अर्ध्यावर रिंग आपोआप सरकते का? पावावर टोपी किती तापते? ओळीनं आठ झुरके घेऊन टोपीला बोट लावा, ड्रिप टिप (तोंडात धरायची नळी) ओठाला चटका देत असेल तर ते फार मोठं वजा आहे, फ्लेवर कितीही भारी असू दे.

आणि आता तो फ्लेवर. चव कायम जुन्या, ओळखीच्या आरडीएशी लावून बघायची, दोन्हीत तीच कॉइल, तोच कापूस, तेच लिक्विड, तोच दिवस. मी एकाच लिक्विडवर सगळं बघतो, साधं कस्टर्ड, कारण ते मला पाठ आहे. त्याआधी तासभर काही खायचं नाही. परवा इथं संध्याकाळी पाटीभर भडंग खाल्लं, लसूण आणि तिखटानं जीभ अशी झालीय की रात्री चहा आणि गरम पाणी ह्यातला फरक कळेना, अशा जिभेनं तुम्ही "टॉप नोट्स" काय लिहिणार? सलग एकच लिक्विड ओढून पण जीभ बधिर होते, तेव्हा फ्लेवर उतरला असं वाटलं तर एक दिवस थांबा. आणि लिहिताना मोघम भाषा नको. "जुन्यापेक्षा गोड कमी लागलं, व्हॅनिला उशिरा आला, ४५ वॉटच्या वर जळकं वाटायला लागलं" असं लिहिलं की समोरच्याला पोचतं.

हे सगळं एका संध्याकाळी करून रिव्ह्यू टाकू नका. तीन आठवडे द्या. पितळेचा आणि तांब्याचा माल काळवंडतो, तो दोष नव्हे, देवाची भांडी घासणाऱ्या घरातल्या माणसाला हे सांगायला नको. ओ-रिंग फुगते किंवा तुटते, ती कधी तुटली तारीख टाका. वरचा मुलामा उडतो, विशेषतः काळ्या रंगाचा, टोपीच्या काठाला. फुकट आला असेल तर पहिल्याच ओळीत फुकट आलाय लिहायचं, विकत घेतला असेल तर किती पौंडाला.

काल संध्याकाळी दाजींना वहीतला नवा फोटो दाखवला, ह्या वेळी बर नाही, आटे सरळ. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं सुटे स्क्रू किती दिलेत. मी म्हटलं बॉक्सवर चार लिहिलंय. "मोजलं का?" मोजलं नव्हतं. लगेच बायकोला बर्मिंगहॅमला मेसेज टाकला, तिनं पिशवी उघडून फोटो पाठवला.

तीन निघाले.