शाळेच्या आरोग्य उपक्रमासाठी निधी कसा मिळवावा

जिल्हा परिषद शाळेने निधी मागण्यापूर्वी हाताशी काय आहे ते पाहावे. समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. ३१ ते १०० विद्यार्थ्यांच्या शाळेस वर्षाला २५ हजार रुपयांपर्यंत मिळतात आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. आरोग्य तपासणीसाठी मात्र देणगी मागू नये, कारण ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून मोफत होते.

पाणी व स्वच्छतागृहांसाठी ग्रामपंचायतीकडे जावे. केंद्रीय वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या निधीतील मोठा हिस्सा याच कामांसाठी बंधित, म्हणजे राखून ठेवलेला असतो. परंतु काम गावाच्या विकास आराखड्यात असल्याशिवाय पैसा मिळत नाही, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव ग्रामसभेपूर्वीच द्यावा. सामाजिक दायित्व निधीसाठी (सीएसआर) कंपनीकडे जाताना, हा निधी कोणत्या कामांवर खर्च करता येतो ते सांगणाऱ्या कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत आरोग्य व शिक्षण दोन्ही येतात, याचा उल्लेख करावा.

प्रस्तावात मोघम लिहू नये. ‘मुलींच्या स्वच्छतागृहात दाराला कडी नाही, आणि हात धुण्याचा नळ मैदानापलीकडे आहे’ हे एक वाक्य पानभर प्रास्ताविकापेक्षा अधिक काम करते, असे मला ठामपणे वाटते. सोबत छायाचित्र व दरपत्रक जोडावे.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या स्वच्छ विद्यालय पुरस्काराने शाळांना पाणी, शौचालय, साबणाने हात धुणे, देखभाल आणि सवयी यांवर गुण दिले. अशा मूल्यांकनासाठी तारीख घातलेली छायाचित्रे आणि साबणखरेदीच्या पावत्या जूनपासूनच एका फायलीत लावत जाव्यात.