ठाण्याहून सिम्फनीला: टाळी कधी वाजवायची, पाकीट कधी द्यायचं

मी ठाण्यात वादक जमवून देतो. दिवाळी पहाट असो, सोसायटीचा रौप्यमहोत्सव असो, कुणाची एकसष्टी असो. ‘दोन व्हायोलिन, एक बासरी, साइड ऱ्हिदम, रविवारी सकाळी’ असा फोन आला की माझी वही उघडते. त्यामुळे ओळखीतले लोक विचारतात, मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात तो मोठा वेस्टर्न ऑर्केस्ट्रा असतो तिथे जायचं तर कसं, कपडे कसले, टाळ्या कधी वाजवायच्या? आणि चहा संपत आला की हळूच दुसरा प्रश्न येतो: आमच्या कार्यक्रमाला जरा कमी पैशात वादक मिळतील का? दोन्हींची उत्तरं एकदाच लिहून टाकतो.

जायचं कुठे आणि कसं

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव यांनी तो २००६ मध्ये उभा केला. वर्षाचे दोन हंगाम, साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास. काही वादक मुंबईत राहतात, बरेच हंगामापुरते परदेशातून येतात. कार्यक्रम बहुधा जमशेद भाभा थिएटरमध्ये होतात. तिथे ११०९ खुर्च्या आहेत.

तिकीट वरचं, मागचं, स्वस्तातलं घ्या. हे काटकसरीसाठी सांगत नाही. पहिल्या रांगेतून व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात, आणि मागे बसलेले हॉर्नवाले, टिंपनीवाला (मोठे नगारे वाजवणारा), ओबो (सनईसारखं वाद्य) कुणीच दिसत नाही. वरून सगळा ऑर्केस्ट्रा नकाशासारखा समोर असतो आणि सूर कुठून उठला, कुणाकडे गेला ते डोळ्यांनी कळतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला याचा फार उपयोग होतो.

ठाण्याहून सीएसएमटीला फास्टने तासाभराचा हिशेब धरा. पुढे मेट्रो ३ ने विधान भवनला उतरून चालत जाता येतं. वाशी-पनवेलकडच्यांनी हार्बरने यावं, पुढचा रस्ता तोच. संध्याकाळी तुम्ही गर्दीच्या उलट्या दिशेने जात असता आणि परतताना गाडी सीएसएमटीहूनच सुटते, म्हणजे बसायला मिळतं. रविवारचा कार्यक्रम असेल तर मेगाब्लॉक बघून निघा. ठाण्यात गडकरी रंगायतनला तिसरी घंटा झाल्यावरही आपण अंधारात ‘जरा सरका’ करत खुर्ची शोधतो; इथे ते चालत नाही. उशीर झाला तर पहिली रचना संपेपर्यंत दाराबाहेर उभं राहावं लागतं, आणि मला विचाराल तर ते बरोबरच आहे. लहान मुलांना न्यायचं असेल तर वयाची अट आधी वाचा.

कपडे नेहमीचे चालतात. कुडता चालतो, साडी चालते. एसी कडक असतो, शाल ठेवा.

आत गेल्यावर

जायच्या आधी आठवडाभर त्या दिवशीची मुख्य रचना दोन-तीनदा ऐकून ठेवा. पूर्ण लक्ष देऊन नाही, भाजी निवडताना ऐकली तरी चालेल. अनोळखी सूर चाळीस मिनिटं ऐकणं जड जातं. ओळखीचे झाले की हॉलमध्ये आपण वाट बघतो: आता तो भाग येणार.

सगळे वादक बसले की ओबोवाला एकच लांब सूर देतो आणि बाकीचे त्याला वाद्य लावून घेतात. हा कार्यक्रमाचा भाग नाही, पण तेव्हा गप्पा थांबवा. मग कंडक्टर येतो. टाळ्या. तो वळला, हात वर केले, की तुमचा मोबाइल बंद असला पाहिजे. सायलेंट नव्हे, बंद. १० जानेवारी २०१२ ला न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये मालर या संगीतकाराच्या नवव्या सिम्फनीच्या (सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची लांब रचना) अगदी शेवटच्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या भागात पुढच्या रांगेतला एक आयफोन वाजायला लागला आणि थांबेचना. कंडक्टर ॲलन गिल्बर्ट यांनी ऑर्केस्ट्रा थांबवला, फोन बंद होईपर्यंत वाट पाहिली आणि मग पुन्हा सुरू केलं. वाजत होता तो अलार्म. आणि फोन सायलेंटवर असला तरी अलार्म वाजतोच.

खोकल्याची गोळी बाहेरच कागदातून काढून रुमालात ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी, भडंगाचा पुडा, बांगड्यांचा किणकिणाट, सगळं या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं, कारण इथे वादकांपुढे माइक नसतात. आपल्याकडच्या कार्यक्रमात साउंडवाला आवाज वाढवून तुमच्या गप्पा गिळून टाकतो. इथे ती सोय नाही. मांडीवर ताल धरायची सवयही आवरा. लय मधेच रेंगाळते, सुटते, आणि तुमचा हात एकटाच पुढे जातो.

आता टाळ्या. सिम्फनीचे बहुधा चार भाग असतात, कन्चेर्टोचे (एक वादक पुढे, ऑर्केस्ट्रा साथीला) तीन. कार्यक्रमपत्रिकेत रचनेच्या नावाखाली ओळी मोजा. चार ओळी म्हणजे चार भाग. भाग संपला की थोडी शांतता, पानं उलटणं, खोकणं. टाळी सगळ्यात शेवटी. मोजताना चुकलात तर वादकांकडे बघा. कंडक्टरचे हात हवेत असतील, व्हायोलिन हनुवटीखाली असेल, तर काम चालू आहे. हात खाली आले, गज मांडीवर गेले, तो आपल्याकडे वळला, की मनसोक्त वाजवा.

चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी सगळ्यांना फसवते. तिचा तिसरा भाग असा दणक्यात संपतो की हॉलभर टाळ्या पडतात. खरा शेवट त्यानंतरचा, संथ आणि खोल उतरत जाणारा. सिबेलियसच्या पाचव्या सिम्फनीत शेवटी एकमेकांपासून लांब ठेवलेले सहा ठोके आहेत. दुसऱ्या-तिसऱ्यालाच कुणीतरी ‘ब्राव्हो’ म्हणून बसतं.

तरी शेजाऱ्याने मध्येच टाळी वाजवली तर त्याच्याकडे वळून बघणारा माणूस मला जास्त खटकतो. हा गप्प बसायचा नियम नंतरचा आहे. मोत्झार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना आनंदाने कळवलं होतं की सिम्फनी चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेथोव्हनची सातवी सिम्फनी ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली तेव्हा श्रोत्यांनी तिच्या दुसऱ्या भागाला चक्क वन्समोअर घेतला. म्हणजे आपली गडकरीची सवय काही जंगली नाही. फक्त आज तिथली रीत वेगळी आहे, आणि पाहुण्याने घरची रीत पाळावी.

माणसं मोजा

मध्यंतराच्या आधी एकदा स्टेजवरची माणसं मोजा. साठ, सत्तर, कधी त्याहून जास्त. प्रत्येकाचं वाद्य बहुधा स्वतःचं, लहानपणापासूनचा रियाझ स्वतःचा. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात यावर नेमकं बोट ठेवलं. कारखान्यात यंत्र आलं की तेवढ्याच माणसांकडून दुप्पट माल निघतो. पण बेथोव्हनची सिम्फनी वाजवायला तेव्हा जेवढे हात आणि जेवढी मिनिटं लागत, तेवढेच आजही लागतात. बाहेर सगळ्यांचे पगार वाढतात, वादकालाही त्याच बाजारात जगायचं असतं, आणि तिकिटाच्या पैशात ते भागत नाही. म्हणून देणगीदार लागतात. देणगी आटली की भांडण सुरू होतं.

अमेरिकेत हे भांडण उघड होतं, कारण तिथे वादकांची युनियन आहे आणि करार लेखी असतो. रिहर्सल असो की कार्यक्रम, प्रत्येकाला ‘सर्व्हिस’ म्हणतात आणि आठवड्यात किती सर्व्हिस हे ठरलेलं असतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत ज्यांच्या घरचं कुणी कामाला होतं त्यांना टाळेबंदी काय ते सांगायला नको. मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने १ ऑक्टोबर २०१२ पासून वादकांवर टाळेबंदी लादली. ती पंधरा महिने चालली. वर्षभराने संगीत दिग्दर्शक ओस्मो व्हॅन्स्का यांनी राजीनामा दिला. जानेवारी २०१४ मध्ये वादकांनी १५ टक्के पगारकपात स्वीकारली तेव्हा दारं उघडली; व्हॅन्स्का नंतर परत आले. फिलाडेल्फियात ३० सप्टेंबर २०१६ ला हंगामाच्या पहिल्याच रात्री कार्यक्रमाच्या तोंडावर संप झाला, दोन दिवसांत मिटला. शिकागोत २०१९ मध्ये पेन्शनवरून जवळपास सात आठवडे संप चालला. तिथे कंडक्टर रिकार्डो मुती स्वतः वादकांबरोबर फुटपाथवर उभे राहिले आणि संपकऱ्यांनी गावात फुकट कार्यक्रम केले.

परदेशात राहणाऱ्या तुमच्या मुलीकडे गेलात आणि तिथे तुमचा कार्यक्रम असा रद्द झाला, तर खिडकीवरच्या मुलीवर ओरडू नका, तिच्या हातात काही नसतं. रिफंड मागा, किंवा नको असेल तर सोडून द्या. वादकांचा फुकट कार्यक्रम असेल तर तिकडे जा. आणि ‘एवढे डॉलर मिळतात, यांना अजून काय हवंय’ हे वाक्य गिळा. अमेरिकेतल्या अव्वल ऑर्केस्ट्रांत वर्षाला दीड लाख डॉलरच्या वर पगार असतो, खरं आहे. पण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या अशाच नावाजलेल्या वादकांना एप्रिल २०२० पासून जवळपास वर्षभर पगार नव्हता.

हायडनची युक्ती मला सगळ्यात आवडते. हा संगीतकार एस्टरहाझी राजपुत्राच्या पदरी होता. १७७२ मध्ये त्या राजपुत्राने वादकांना उन्हाळी महालात अडकवून ठेवलं होतं, घरी जाऊ देईना. हायडनने सिम्फनीचा शेवट असा लिहिला की एकेक वादक आपला भाग संपवून मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी दोनच व्हायोलिन. राजपुत्राला कळलं, सुट्टी मिळाली.

इथे ठाण्यात

आमच्याकडे संप होत नाही. हातावर पोट असलेला वादक संप काय करणार? तो पुढच्या वेळी तुमचा फोन उचलत नाही, एवढंच. आणि बॉमोलने सांगितलेली अडचण आम्ही वेगळ्या रीतीने सोडवली: माणसंच काढून टाकली. आधी व्हायोलिनचा सेक्शन गेला, त्या जागी कीबोर्ड आला. मग ऑक्टोपॅडने (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) दोन-तीन तालवादक खाल्ले. आता मायनस वन ट्रॅक (गायकाचा आवाज सोडून बाकी सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं) लावून गायक एकटाच उभा राहतो. त्यामुळे ‘लाइव्ह ऑर्केस्ट्रा’ अशी जाहिरात बघून तिकीट काढण्याआधी स्टेजवर वादक किती, हे बुकिंगला विचारून घ्या.

सोसायटीचा किंवा मंडळाचा कार्यक्रम ठरवत असाल तर माझ्या अटी अशा. आकडे लिहीत नाही, नाहीतर उद्या दहा वादकांचे फोन येतील.

तारीख पक्की करताना अर्धे पैसे, उरलेले साउंड चेकच्या आधी. कार्यक्रमानंतर नाही. कार्यक्रम संपला की खजिनदार सापडत नाही, ‘अध्यक्ष गावी गेलेत’ सुरू होतं. एका मंडळाने दिलेला पुढच्या तारखेचा चेक वटायला पुढचे गणपती उजाडले. रिहर्सलचे पैसे वेगळे, कारण रिहर्सलच्या दिवशी त्याने दुसरं काम सोडलेलं असतं. दिवाळी पहाटेला राममारुती रोडवर किंवा तलावपाळीला वादक पहाटे चारला हजर असतो, म्हणजे तो विरारहून किंवा बदलापूरहून आदल्या रात्रीच निघालेला असतो. त्याची झोपायची सोय आणि तबला-ऑक्टोपॅडसाठी गाडी हे तुमचं काम. पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर ॲडव्हान्स परत मागायचा नाही. व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा असेल तर आधी विचारा. गाण्यांसाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना घ्यावा लागतो, तो आयोजकाने घ्यायचा, गायकाच्या गळ्यात मारायचा नाही.

वेळेचं सांगतो. लाउडस्पीकरला साधारणपणे रात्री दहाची मर्यादा आहे. सातचा कार्यक्रम, सव्वासातला दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचे सत्कार, नगरसेवकांचे दोन शब्द, आणि पावणेनऊला पहिलं गाणं. दहाला पोलिसांचा फोन आला की कमिटी वादकांना म्हणते, ‘अर्धाच कार्यक्रम झाला, थोडं कमी करा ना.’ कमी काही होत नाही. माणूस दुपारी तीनपासून बसलेला आहे.

श्रोत्यांनीही थोडं बघावं. चिठ्ठी पाठवून फर्माईश करा, पण जे गाणं बसवलेलं नाही ते वादकांनी केवळ नोटा आल्या म्हणून वाजवावं असा हट्ट नको. गाण्याच्या मधल्या म्युझिक पीसला बासरीवाला जीव ओततो तेव्हा तुम्ही शेजारणीशी बोलत असता आणि टाळी पडते गायकाला. त्या पीसनंतर वाजवा. इथे कुणी वळून बघणार नाही. निवेदकाला आधीच कागद द्या, प्रत्येक वादकाचं नाव आणि वाद्य लिहून. ‘आणि साथीला आपले वादक मित्र’ एवढ्यावर तो आटोपतो, कारण त्याला कुणी नावं दिलेलीच नसतात.

बजेट कमी पडलं तर आधी एलईडी वॉल काढा. मग प्रवेशद्वाराचा फुलांच्या कमानीचा खर्च, मग शाली आणि स्मृतिचिन्हं. हे सगळं काढून झालं आणि तरी जमत नसेल तर गाणी कमी करा, दीड तासाचा कार्यक्रम ठेवा; दुसरं व्हायोलिन काढू नका. दिवाळीची तारीख हवी असेल तर गणपतीच्या आधी बोला, कारण दिवाळी पहाट सगळ्यांची एकाच सकाळी असते आणि ढोलक चांगली वाजवणारे माझ्या वहीत मोजकेच आहेत.